आपल्यात वाहक किती? वर्ध्याचा सिकलसेल आणि एक हिशोब

आज थोडा इतिहास आणि थोडं गणित. घाबरू नका, गुणाकार आला की पुरे.

१६ कोटींच्या इंजेक्शनची बातमी आठवते? २०२१ साली मुंबई-पुण्यातल्या तान्ह्या बाळांसाठी लोकांनी वर्गणी गोळा केली होती. आजार होता स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए. यात मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी मरत जातात. बाळ मानसुद्धा धरत नाही. आईवडील मात्र ठणठणीत! कारण दोघांकडेही त्या जनुकाची एक प्रत चांगली असते, एक बिघडलेली. अशा माणसाला म्हणतात वाहक.

जगभरात साधारण ४० ते ६० माणसांमागे एक जण एसएमएचा वाहक असतो. आपण ४० धरू. नवरा-बायको दोघंही वाहक असण्याची शक्यता १६०० जोडप्यांत एक. त्यांच्या प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे ६४०० बाळांमागे एक आजारी. आजार दुर्मीळ आहे, पण वाहक तुमच्या वर्गातही असू शकतो.

विदर्भाला हा हिशोब दुसऱ्याच एका आजाराने शिकवला. सिकलसेल. हा स्नायूंचा नाही, रक्ताचा आजार. पण पिढीतून पिढीत जाण्याची रीत तीच.

१९१० मध्ये शिकागोत डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशींची पहिली नोंद छापली. पुढे कितीतरी वर्षं हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच आजार मानला गेला. १९५२ मध्ये तो निलगिरीच्या आदिवासींत सापडला. आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की तो मध्य भारतातही आहे, आपल्या नागपूरकडे. तोही फक्त आदिवासींत नाही, तर दलित आणि ओबीसी समाजांतही. हातपाय ठणकणं, डोळे पिवळे होणं, सारखं रक्त कमी होणं, या सगळ्याला आता एक नाव मिळालं.

१९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज सुरू केलं. खेड्यातल्या पेशंटला मोठ्या शहराची वाट न धरता उपचार मिळायची सोय झाली.

पण इथे वाहक इतके का? उत्तर आहे मलेरिया. १९५४ मध्ये ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं, की सिकलच्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथे डास जास्त, तिथे वाहक जास्त जगले.

आता तोच गुणाकार परत करा. एखाद्या समाजात दहात एक वाहक आहे असं धरा. मग १०० जोडप्यांत एका ठिकाणी दोघंही वाहक, आणि ४०० बाळांमागे एक आजारी. कुठे ६४०० आणि कुठे ४००! शिवाय आपल्याकडे लग्नं जातीतच होतात. त्यामुळे अख्ख्या जिल्ह्याची सरासरी काढली, तर एखाद्या समाजावरचा खरा भार त्यात झाकला जातो.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं लक्ष्य आहे. सिकलच्या पहिल्या चाचणीला थोडंसं रक्त पुरतं. एसएमएचा वाहक मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. १९९५ मध्ये सापडलेल्या एसएमएन-१ या जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात, आणि ही चाचणी महाग पडते. म्हणून त्यासाठी गावोगावी शिबिरं लागत नाहीत.

अडचण फक्त पैशाची नाही. मुलगी वाहक निघाली की स्थळं परत जातील, म्हणून घरचे कार्ड लपवतात. मुलाची तपासणी तर कुणी विचारतही नाही. खरं तर वाहक म्हणजे पेशंट नव्हे. वाहकाने वाहक नसलेल्या व्यक्तीशी लग्न केलं, तर मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही. मुलं फार तर वाहक होतील. आणि दोघंही वाहक असतील तरी लग्न मोडायची गरज नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोललं, तर बाळाची तपासणी करता येते.

तेव्हा पुढच्या वेळी गावात सिकलचं शिबिर लागलं, तर बहिणीला एकटीला पाठवू नका. भावांनो, तुम्हीही हात पुढे करा.

भेटू पुढच्या भागात!