रस्त्यावरचा ससा कुणाचा?

झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, आता दोन शब्द लिहायला सवड आहे. आजची नोंद पिकाची नाही, रस्त्याची आहे. पण आपल्या पनवेलात रस्ता शेतातूनच जातो, तेव्हा चालवून घ्या.

झोडणीच्या दिवसांतली गोष्ट. पहाटे टेम्पो घेऊन शेताकडे निघालो होतो. सोबत दरवर्षी आमच्याकडे कामाला येणारे कातकरवाडीतले एक काका. कर्नाळ्याच्या अलीकडे एका वळणावर रस्त्यात ससा पडलेला. काकांनी गाडी थांबवायला लावली, उतरले, पोटाला हात लावून बघितला. "गरम हाय दादा. आताच गेलाय." आणि गमछात गुंडाळायला लागले.

मी म्हटलं, "काका, ठेवा तो. केस होते याची."

ते वाकलेलेच थांबले. "गाडीवाल्यानं मारला, तो गेला निघून. मी फासकी लावली नाय, काय नाय. मग आता हा कुणाचा?"

मला काही बोलता आलं नाही. ससा कडेला गवतात ठेवला आणि आम्ही पुढं गेलो. दुपारी परत आलो तर कुत्र्यांनी काम संपवलेलं. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून जुनं थोडं चाळलं. ते लिहितोय.

आधी रस्ता. पनवेल हे मुळात बंदर. मुंबईहून होडीनं पनवेलला उतरायचं आणि इथून बोरघाट चढून पुण्याला, अशी जुनी वाट. १८०४ मध्ये वेलस्लीनं तोफा नेण्यासाठी घाट नीट करून घेतला, आणि १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमनं गाड्या चढतील असा घाटरस्ता खुला केला. त्या काळात पनवेल तांदळासाठी आणि बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं होतं. म्हणजे चाकं आपणच करायचो! पण बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर जाणार. तिच्याखाली ससा कसला सापडतोय. रस्त्यावर मेलेलं जनावर दिसलंच तर ते बैल नाही तर घोडं, ओझ्यानं मेलेलं.

तेव्हा रानातलं जनावर ताटात यायचं ते शिकारीतून. आमचा आजा सांगायचा, भात पिकायला आलं की डुकरं उतरायची, मग गाव हाका घालून रान उठवायचं. डुक्कर पडलं की वाटे व्हायचे. बंदूकवाल्याचा वाटा मोठा, हाकेकऱ्यांचे सारखे. ज्याच्या शेतात पडलं त्याचा वेगळा की नाही, यावरून भांडणंही व्हायची. म्हणजे 'कुणाचा' याला तेव्हा उत्तर होतं. चांगलं की वाईट सोडा, पण गावानं ठरवलेलं होतं.

कातकऱ्यांचं गणित निराळं. त्यांचं नावच खैराच्या कातावरून आलं. रानात भट्ट्या लावून कात काढायचा, कंद खणायचे, ओढ्यातले मासे-खेकडे, शेतातले उंदीर. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव रानं वाढली, तसं खैर तोडणं बंद होत गेलं आणि ही माणसं कोळशाच्या आणि विटांच्या भट्टीवर मजूर झाली. ठाणे-कुलाब्यात जंगलावरून एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये खास कमिशन नेमावं लागलं. पुढं २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरचा जंगल सत्याग्रह आणि गोळीबार. तिथल्या हुतात्म्यांत नाग्या कातकरीही आहे. स्मारकावर आपण त्याचं नाव वाचतो, हार घालतो. त्याच्या समाजाचं रानाशी खाण्यापिण्याचं नातं काय होतं, ते मात्र भाषणात कधी ऐकलं नाही.

आता एक अवघड भाग. 'मेलेलं उचलून खाणं' हा शब्दच आपल्याकडे साधा नाही. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी आपल्याला माहीत असतं. पण त्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या गुरांचं मांस खाणं सोडा असंही सांगितलं होतं. गावातलं मेलेलं गुरू ओढून नेणं ही महारांवर लादलेली चाकरी होती, आणि ते मांस हा तिचाच 'हक्क' म्हणून गाव दाखवत होतं. हक्काच्या नावाखाली अपमान. तो हक्क नको, असं म्हणायला केवढं धाडस लागलं असेल बघा, कारण घरात दुसरं खायला होतंच असं नाही.

हे इथं का सांगतोय? कारण आज रस्त्यावरचा ससा उचलणाऱ्याकडे आपण ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेत ते जुनं मिसळलेलं आहे. गावातल्याच एकानं हाक्यात डुक्कर मारलं तर ती शिकार. कातकऱ्यानं मेलेला ससा उचलला तर नाक मुरडायचं. काकांच्या हातात मी ससा बघितला तेव्हा माझ्याही मनात पहिलं काय आलं, ते इथं लिहायला लाज वाटते.

आता कायदा. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य प्राणी-पक्षी कायदा होता, त्यात परवाना काढून शिकार चालायची. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकारबंदी सगळ्यांना ठाऊक आहे. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कलम ३९ मध्ये आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्य प्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता. ताब्यात आला तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं. लेखी परवानगीशिवाय तो जवळ ठेवायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, पुरायचाही नाही. शेतकऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. पिकाची नासाडी करणारं रानडुक्कर कलम ११ खाली रीतसर परवानगीनं मारलं, तरी ते मढं सरकारचंच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडही वाढला. साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घोरपडीसारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर कैदच तीन ते सात वर्षं.

म्हणजे उत्तर असं: काका, ससा सरकारचा.

२००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा वाटलं होतं काही बदलेल. कंद, मध, मासे, चराई असे पुष्कळ हक्क त्यात मान्य झाले. पण परंपरेनं चालत आलेले बाकीचे हक्क देताना शिकारीचा, फासे लावण्याचा आणि वन्य प्राण्याच्या शरीराचा भाग काढण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला.

परदेशात सगळीकडे असं नाही. अमेरिकेत अलास्कात गाडीखाली मेलेलं मूस (आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण) सरकारचंच, पण ते कुजू देत नाहीत. संस्थांना, गरजूंना फोन जातो आणि ते येऊन घेऊन जातात. ऑरेगॉनमध्ये जानेवारी २०१९ पासून गाडीनं मेलेलं हरीण खायला नेता येतं. २४ तासांत परवाना काढायचा आणि मुंडकं रोग तपासणीला जमा करायचं.

इथं तसं करावं का? मला विचाराल तर नाही. एक तर फासकीत मारलेलं डुक्कर रस्त्यावर आणून टाकायला कितीसा वेळ लागतो? ब्रेकच्या वायरीची फासकी बांधावर मी स्वतः काढून टाकलेली आहे. दुसरं, आणि हे कृषीवाल्या मंडळींनी गावात सांगण्यासारखं: रस्त्यावर मेलेलं जनावर गाडीनंच मेलं हे कशावरून? उंदरांसाठी आपण झिंक फॉस्फाइड टाकतो, ब्रोमाडिओलोन टाकतो. ब्रोमाडिओलोननं जनावर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त हिंडतं, आतून रक्त जात असतं. असं सुस्त जनावरच गाडीखाली पहिलं सापडणार. फोरेट बंद झालं ३१ डिसेंबर २०२० पासून, पण कुणाच्या पडवीत जुनी पिशवी नाही याची खात्री द्या बघू. त्यात आपली उष्ण, दमट हवा. दोन तासांत पोट फुगतं. शिजवलं म्हणजे जंतू मरतील, विष नाही मरत.

तेव्हा कायद्याचं उत्तर मला मान्य आहे. पटत नाही ते वेगळंच. ससा मेला तो काकांमुळे नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तो आपल्या कळंबोलीतूनच सुरू होतो. कर्नाळा अभयारण्य १९६८ चं, आणि गोव्याचा महामार्ग त्याच्या पोटातून जातो. आता विमानतळ, अटल सेतू, रात्रभर डंपर. एवढ्या गाड्यांत ससा कुणी मारला, हे कुणी विचारत नाही. मालमत्ता सरकारची म्हणतो आपण, पण ती चिरडणाऱ्याला काही नाही, आणि गमछात गुंडाळणाऱ्याला केस.

करायचं ठरवलं तर होतं. नागपूरकडे पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गाखाली जनावरांसाठी नऊ मोकळ्या जागा सोडल्यात, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघसुद्धा खालून जाताना दिसलेत. आपल्याकडे निदान ओढ्यावरच्या मोऱ्या तरी रुंद हव्यात. माझ्या पाहण्यात मेलेलं जनावर बहुतेक वेळा मोरीच्या आसपासच असतं. ते ओढ्यानंच येतं, मोरीत पाणी नाही तर कचरा तुंबलेला, मग वर चढतं. गावातून जाणाऱ्या मोऱ्या मे महिन्यात साफ केल्या तरी फरक पडेल, त्याला दिल्लीची मंजुरी लागत नाही. मोठं जनावर जखमी किंवा मेलेलं दिसलं तर वन विभागाचा १९२६ हा नंबर फिरवा. फोटो काढत उभे राहू नका, मागून डंपर येतो.

काकांना हे सगळं बांधावर बसून सांगितलं. त्यांनी कलमं ऐकून घेतली, बिडी विझवली. "उंदीर?" म्हणाले. म्हटलं, उंदीर कुठल्या अनुसूचीत नाही. "मुठे?" मुठे पण चालतील. "बेडूक?" बेडूक नाही काका, तो मोठा पिवळा बेडूक यादीत आहे. आणि तो आपल्या भातातले किडे खातो, त्याला राहू द्या. १९८७ मध्ये बेडकांची निर्यात बंद केली.

"म्हंजे वलगणीला यायला हरकत नाय," म्हणाले.

हरकत नाही. पहिला पाऊस पडला की त्याच वळणावर मुठे रस्ता ओलांडतात, ओढ्यातून खाचराकडे. दरवर्षी शेकड्यानं चिरडले जातात, सकाळी रस्ता लाल असतो. गेल्या जूनमध्ये वाडीतली पोरं बॅटरी आणि बालदी घेऊन तिथं होती, आणि समोरून भरधाव गाडी आली तेव्हा मीच टेम्पो आडवा लावून दिवे चालू ठेवले. यंदाही लावीन. ज्यांची गाडी त्या बाजूनं रात्रीची जाते त्यांनी जरा हळू या.