गाडी तीच, हप्ता वेगळा

समजा, तुम्ही यंदा जर्सी सिटीतलं अपार्टमेंट सोडून पंचवीस-तीस मैलांवरच्या एखाद्या शांत गावात घर घेतलंत. गाडी तीच, चालवणारे तुम्हीच, लायसन्सवर एकही पॉइंट नाही. तरीही विमा कंपनीला नवा पत्ता कळवलात की हप्ता बहुधा उतरतो. उलट्या दिशेने गेलात तर चढतो. ‘एरियाचा फरक, दुसरं काय!’ असं म्हणून आपण विषय सोडून देतो.

पण हा फरक ठरवतं कोण? कधीपासून? आणि ते योग्य आहे का? या प्रश्नांवर अमेरिकेत शंभर वर्षं वाद चालू आहे. कोर्टात, विधानसभेत आणि एकदा तर थेट मतपेटीत. आपल्यापैकी अनेकांनी या देशातली पहिली वर्षं नकाशाच्या महागड्या बाजूला काढली आणि पुढची स्वस्त बाजूला. म्हणून हा इतिहास आपलाही आहे.

वर्गणी कोणाबरोबर काढायची?

विमा म्हणजे शेवटी एक वर्गणी. सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचं. खरा प्रश्न असतो तो वर्गणी कोणाबरोबर काढायची हा. सगळ्या राज्याने मिळून, की प्रत्येक गल्लीने आपापली?

‘शहरात चोऱ्या जास्त, म्हणून विमा महाग’ हे उत्तर अर्धवट आहे. तुमची पॉलिसी उघडून पाहा. गाडीची चोरी फक्त ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ या भागात येते. धडकेत तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर ‘कोलिजन’, दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याच्या गाडीचं नुकसान झालं तर ‘लायबिलिटी’. आणि न्यू जर्सीसारख्या ‘नो-फॉल्ट’ राज्यात, चूक कोणाचीही असो, तुमच्या औषधोपचाराचा खर्च आधी तुमचीच कंपनी देते. दाटीच्या शहरात अपघात जास्त होतात, इस्पितळाची आणि वकिलांची बिलं मोठी असतात, विमा नसलेल्या गाड्याही अधिक असतात. पत्त्याचा मोठा भार येतो तो इथून.

यात एक गोम आहे. दर ठरतो तो गाडी रात्री कुठे उभी असते त्यावर, दिवसभर कुठे फिरते त्यावर नव्हे. उपनगरातले हजारो लोक रोज गाडीने नेवार्कला कामाला जातात. तिथल्या रस्त्यावरची गर्दी त्यांचीही असते. पण त्या गर्दीत नेवार्कचा रहिवासी जखमी झाला, तर त्याच्या उपचारांचा खर्च नेवार्कच्याच खात्यात जमा होतो. पत्त्यावरून दर लावण्याला विरोध करणाऱ्यांचा हा जुना आणि वजनदार मुद्दा आहे.

सक्ती आली, वाद आला

अमेरिकेतल्या अगदी पहिल्या मोटारविम्यांपैकी एक ट्रॅव्हलर्स कंपनीने १८९८ साली बफेलोमधल्या एका डॉक्टरला विकला. तेव्हा रस्त्यावर मोटारी थोड्या आणि घोडे फार. विमा ऐच्छिक होता, त्यामुळे दराबद्दल कोणी भांडत नव्हतं. १ जानेवारी १९२७ पासून मॅसॅच्युसेट्सने प्रत्येक मोटारमालकाला विमा सक्तीचा केला. असं करणारं ते पहिलं राज्य. तिथे दर सरकारच ठरवायचं, त्यामुळे बोस्टनकरांनी जास्त का भरायचं, हा प्रश्न लगेच राजकारणाचा झाला. सरकार एखादी वस्तू घ्यायलाच लावत असेल, तर ती परवडेल हे पाहणं सरकारचं काम आहे का? पुढच्या जवळजवळ प्रत्येक लढ्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

१९४५ साली काँग्रेसने मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून विम्यावर देखरेख करण्याचं काम मुख्यतः राज्यांकडे सोपवलं. म्हणूनच आजही नदी ओलांडून न्यू जर्सीतून पेनसिल्व्हेनियात गेलात की नियम बदलतात.

रंगवलेले नकाशे

याच सुमारास घरकर्जांच्या क्षेत्रात दुसरी एक गोष्ट घडत होती. मंदीच्या काळात, १९३३ साली, स्थापन झालेल्या ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ या सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. सर्वांत सुरक्षित वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी आणि कर्ज देण्यास सर्वांत धोकादायक ती लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती तर जवळपास सगळीच लाल. नेवार्क, डेट्रॉइट, लॉस एंजेलिस ही सारी शहरं या नकाशांत आहेत. ‘रेडलायनिंग’ हा शब्द या पद्धतीवरून पडला.

हे नकाशे मोटारविम्यासाठी काढलेले नव्हते, आणि आजचा तुमचा हप्ता त्यांवरून ठरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण माणसाऐवजी वस्तीला गुण द्यायची सवय व्यवहारात किती खोल रुजली होती ते त्यांतून दिसतं. कर्ज नाही म्हणून घरं पडकी, घरं पडकी म्हणून धंदे नाहीत, धंदे नाहीत म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून पुन्हा कर्ज नाही, असं ते चक्र होतं. १९६७ साली नेवार्क आणि डेट्रॉइट पेटल्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी शहरांतल्या मालमत्ता विम्याचा अभ्यास करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते न्यू जर्सीचेच गव्हर्नर रिचर्ड ह्यूज. तिच्या शिफारशींवरून १९६८ मध्ये ‘फेअर प्लॅन’ सुरू झाले. ज्यांना बाजारात विमा मिळत नाही, त्यांना घरादुकानांचा विमा देण्याची ही सोय होती.

मोटारींसाठी मात्र रेषा बारीक होत गेल्या. पत्रं लवकर पोहोचावीत म्हणून पोस्टाने १ जुलै १९६३ रोजी झिप कोड सुरू केला. विमा कंपन्यांना त्यात आयता नकाशा मिळाला.

डेट्रॉइट आणि लॉस एंजेलिस

मिशिगनमध्ये १९७३ साली नो-फॉल्ट विमा सक्तीचा झाला, आणि त्यात औषधोपचाराला कसलीच मर्यादा नव्हती. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विमा सक्तीचा करता, तर दर न्याय्य राहतील याची पक्की व्यवस्थाही करायला हवी. विधानसभेने कायदा केला, पण डेट्रॉइटचे दर देशात सर्वांत महागड्यांमध्येच राहिले. अखेर मे २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. औषधोपचाराच्या मर्यादेत निवड मिळाली आणि दर ठरवताना झिप कोड वापरायला बंदी आली. पण ‘टेरिटरी’ म्हणजे विभाग वापरायला परवानगी कायम राहिली. दार बंद झालं, खिडकी उघडी ठेवून!

कॅलिफोर्नियाची गोष्ट आणखी रंगतदार आहे. सक्तीचा विमा गरीब वस्त्यांना परवडत नाही, ही तक्रार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली ऐकली, पण कायदा उचलून धरला. पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १९८८ रोजी, प्रश्न थेट मतदारांपुढे आला. विमा कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर्स ओतूनही ‘प्रपोझिशन १०३’ जेमतेम ५१ टक्के मतांनी मंजूर झालं. त्यात क्रम ठरवून दिला होता: सर्वांत महत्त्वाचं तुमचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड, मग वर्षाला किती मैल चालवता ते, मग अनुभवाची वर्षं. बाकी सगळं त्यानंतर. विमा आयुक्तही तेव्हापासून लोकांनी निवडून द्यायचा ठरला. तरी पत्त्याला या तिघांच्या खाली बसवायला १८ वर्षं गेली. तो नियम २००६ साली आयुक्त जॉन गॅरामेंडी यांनी केला.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. शहरात दावे जास्त येतात हे खरंच आहे. तिथला दर खर्चाच्या खाली दाबला, तर फरक कुणाच्या तरी खिशातून जाणारच, म्हणजे खेड्यातल्या शेतकऱ्याच्या किंवा उपनगरातल्या आजींच्या. न्यू जर्सीने मधला मार्ग काढला होता. कोणत्याही विभागाचा मूळ दर कंपनीच्या राज्यभराच्या सरासरीच्या १.३५ पटीहून जास्त नसावा, अशी मर्यादा कायद्याने घातली. म्हणजे फरक मान्य, पण त्याला वेसण.

फरक खर्चाएवढाच असतो का, हा मात्र वेगळा प्रश्न. २०१७ साली प्रोपब्लिका आणि कन्झ्युमर रिपोर्ट्स यांनी चार राज्यांतले दर तपासले. अपघातांचा खर्च सारखाच असूनही, अल्पसंख्याकांच्या वस्त्यांत काही कंपन्या ३० टक्क्यांपर्यंत जास्त दर लावतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. विमा उद्योगाने तो अमान्य केला.

चोर वस्तीत राहतो की गाडीत?

आता चोरीचं पाहू. १९९१ साली अमेरिकेत १६ लाखांहून अधिक वाहनं चोरीला गेली. हा उच्चांक होता, आणि गाडीचोरीसाठी नेवार्कचं नाव तेव्हा देशभर झालं होतं. पुढे गाड्यांत इमोबिलायझर आले. खरी किल्ली नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. २०१४ पर्यंत हा आकडा सात लाखांच्या खाली आला. चोरी कमी होण्यात या छोट्याशा उपकरणाचा मोठा वाटा होता.

नंतर उलटं घडलं. किया आणि ह्युंदाई यांच्या अनेक मॉडेल्समध्ये अमेरिकेत इमोबिलायझर बसवलेलं नव्हतं. कॅनडात ते २००७ पासून सक्तीचं होतं. या गाड्या चोरायची युक्ती २०२१ नंतर व्हिडिओंतून पसरली आणि चोऱ्या भडकल्या. २०२३ च्या सुरुवातीला काही कंपन्यांनी काही शहरांत अशा गाड्यांचा नवा विमा देणंच थांबवलं. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे गाडी दिसायला एकच, पण एका सुट्या भागाने एवढा फरक पडला. ‘धोकादायक वस्ती’ म्हणताना हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडची रेषा

भारतातही रेषा आहे, पण फार जाड. खासगी गाडीच्या ‘ओन डॅमेज’ विम्यासाठी जुन्या टॅरिफने देशाचे दोनच विभाग केले. मुंबई आणि पुण्यासह आठ मोठी शहरं ‘अ’ विभागात, बाकी सगळा देश ‘ब’ विभागात. म्हणजे पुण्याची गाडी ‘अ’, कोल्हापूरची ‘ब’. पण मलबार हिल आणि धारावी एकाच विभागात! सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यात तर पत्ता पाहतच नाहीत, इंजिन किती सीसीचं ते पाहतात. तेव्हा रेषा जाड काढायची की बारीक, हे गणित सांगत नाही. ते समाज ठरवतो.

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे पत्ता खरा द्या. शहरात शिकणाऱ्या भाच्याची गाडी मामाच्या उपनगरातल्या पत्त्यावर दाखवायची, हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. कायद्याने ती फसवणूक आहे, आणि अपघात झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो. त्यापेक्षा चार कंपन्यांचे दर मागवा. एकाच पत्त्याला प्रत्येक कंपनी वेगळं मोजते.

दुसरं, नव्याने आलेल्या किंवा अडचणीतल्या ओळखीच्यांना राज्याच्या योजना सांगा. न्यू जर्सीत मेडिकेडच्या काही लाभार्थींसाठी २००३ पासून वर्षाला ३६५ डॉलर्सची, म्हणजे दिवसाला डॉलरभराची, मर्यादित पॉलिसी आहे. अनेकांना ती ठाऊकच नसते.

आणि तिसरं. तुमच्या राज्यात दराचा प्रश्न पुढच्या वेळी चर्चेला येईल, तेव्हा आपण स्वस्त बाजूला आहोत म्हणून गप्प बसू नका. तिकडच्या अपार्टमेंटमध्ये आज नुकतंच आलेलं कोणीतरी राहतंय. गाडी जपून चालवतंय आणि तरीही जास्त भरतंय. काल तिथे आपणच होतो.