परदेशविद्या आणि स्वदेशऋण

परदेशी विद्यापीठाची पदवी घेऊन परतलेल्या तरुणाने पुढे काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा केवळ नोकरीचा म्हणून विचारला जातो. आमच्या मते तो इतिहासाचाही आहे; आणि त्याचा विचार करण्यास कोकणपट्टीची उदाहरणे पुरेशी आहेत.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. परदेशगमन म्हणजेच विद्या नव्हे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणास जन्मले व रत्नागिरीस आणि मुंबईस शिकले. पाश्चात्त्यांची चिकित्सक पद्धती त्यांनी येथेच आत्मसात केली. १८८६ साली ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्यापरिषदेस गेले, ते विद्यार्थी म्हणून नव्हे, तर पंडितांच्या पंक्तीस बसण्याकरिता. तेव्हा परदेशी जाऊन येणाऱ्याची योग्यता प्रवासाच्या लांबीवरून ठरत नाही. त्याने काय आणले व ते कोणास दिले, यावरून ठरते.

देण्याचा एक मार्ग दापोलीजवळील मुर्डीच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी दाखविला. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर होणारे ते पहिले हिंदी. असा मान मिळविलेल्या मनुष्यास मोठ्या पगाराची वाण नसते. तथापि ते पुण्यास परतले आणि १९०२ साली अल्प वेतनावर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले.

परंतु परांजप्यांची वाट पाहणारी संस्था पुण्यात होती, हे विसरून चालणार नाही. ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, ते भीमराव रामजी आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारास जागून १९१७ साली बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. त्या शहरात या अर्थशास्त्रज्ञास अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना, व अल्पावधीतच त्यांस ती नोकरी सोडावी लागली. ऋण फेडावयास आलेल्या मनुष्यास समाजानेच दारातून परत पाठविले! विद्यार्थ्यांस कर्तव्याचा उपदेश करणाऱ्यांनी हा प्रसंग आधी आठवावा.

तिसरे उदाहरण वेंगुर्ल्याचे. १९२२ साली तेथे जन्मलेले नाथ पै १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेले आणि पुढे इंग्लंडात बॅरिस्टर झाले. समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९५७, १९६२ व १९६७ साली राजापूर मतदारसंघाने त्यांस लोकसभेत पाठविले. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, मूलभूत हक्कांच्या प्रकरणातही दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित व्हावा, म्हणून त्यांनी खासगी विधेयक मांडले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावास त्यांचे निधन झाले; त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार संसदेस दिला. त्यांचे मत कोणास पटो वा न पटो. लंडनमध्ये मिळविलेले कायद्याचे ज्ञान त्यांनी अशिलांच्या खटल्यांपेक्षा लोकांच्या प्रश्नास वाहिले, आणि कोकण रेल्वेची मागणीही तितक्याच निष्ठेने मांडली, हे नाकारता येणार नाही.

कोणी म्हणेल, राजकारण सर्वांस साधत नाही. रसायनशास्त्र्याने मालवणात काय करावे? आक्षेप रास्त आहे. परंतु वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ यांसारख्या जाती शेतकऱ्यांच्या हाती दिल्या, त्या प्रयोगशील विद्येच्याच बळावर. जेथे संस्था उभी राहते, तेथे विद्येस काम मिळते.

पिढ्यान्‌पिढ्या हा प्रदेश मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगला. आपला मुलगा पैसे पाठवील, एवढीच अपेक्षा करावयाची आपणांस सवय जडली आहे. परतणाऱ्या तरुणाने आपली विद्या मराठीतून चारचौघांस समजावून सांगावी, स्थानिक प्रश्नास ती लावून पाहावी, आणि नसलेली संस्था उभारण्यास हात लावावा, एवढे आम्ही त्यास सुचवितो. मात्र त्याच्याकडे हिशेब मागण्यापूर्वी, त्याने परत यावे असे काम आणि अशी मोकळीक आपण त्याच्यासाठी येथे ठेवली आहे काय, याचे उत्तर आपणच दिले पाहिजे.