रॉबर्ट हॅरालिक : पोताला गणिती रूप देणारे संशोधक

रॉबर्ट हॅरालिक (जन्म १९४३) हे सुदूर संवेदन आणि संगणकीय दृष्टी या दोन्ही क्षेत्रांत मूलभूत काम केलेले अमेरिकी प्राध्यापक. त्यांचा जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. गणित व विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण मात्र कॅन्सास विद्यापीठात झाले. तेथेच १९६९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली व पुढे अध्यापन केले.

जुलै १९७२ मध्ये अमेरिकेने भूनिरीक्षणासाठी ‘ईआरटीएस-१’ हा उपग्रह सोडला. ‘लँडसॅट-१’ हे त्याचे नंतरचे नाव. त्याच्या प्रतिमांतील प्रत्येक बिंदूचा रंग मोजता येत होता. पण रंगावरून सर्व काही उलगडत नाही. उंचावरून पाहता माडांची बाग व भाताचे शेत दोन्ही हिरवीच. माणूस त्यांतला फरक पोतावरून ओळखतो. हा पोत यंत्राला कळावा कसा?

हॅरालिक, के. शनमुगम व इत्झाक दिनस्टाईन यांनी नोव्हेंबर १९७३ च्या शोधनिबंधात याचे उत्तर दिले. प्रतिमेत करड्या रंगाच्या एका छटेशेजारी दुसरी विशिष्ट छटा किती वेळा येते, हे आडव्या, उभ्या व दोन तिरप्या दिशांनी मोजायचे आणि त्याचा तक्ता मांडायचा. सारख्या छटा शेजारी असतील तर पोत गुळगुळीत. भिन्न छटा वारंवार शेजारी येत असतील तर खडबडीत. या तक्त्यातून त्यांनी चौदा मापे काढली. त्यांतील बरीचशी परस्परांशी निगडित असल्याने व्यवहारात मोजकीच वापरली जातात. तरी मूळ कल्पनेचा साधेपणा विलक्षण आहे.

पद्धतीची परीक्षा तीन प्रकारच्या चित्रांवर झाली. वालुकाश्माच्या सूक्ष्मदर्शी छायाचित्रांत ८९ टक्के, हवाई छायाचित्रांत ८२ टक्के, तर कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीच्या उपग्रह प्रतिमेत ८३ टक्के ओळख अचूक ठरली. उपग्रह प्रतिमेसाठी पोताला रंगपट्ट्यांच्या माहितीची जोड दिली होती.

पुढे १९७९ मध्ये ते व्हर्जिनिया टेकमध्ये, १९८६ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आणि २००० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत गेले. लिंडा शापिरो यांच्यासह लिहिलेला ‘कॉम्प्युटर अँड रोबोट व्हिजन’ हा द्विखंडी ग्रंथ (१९९२-९३) अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. त्यांचा आणखी एक आग्रह तितकाच मोलाचा, पण कमी चर्चिला गेलेला. यंत्राने चित्र ‘ओळखले’ एवढे सांगून भागत नाही. ते किती वेळा चुकेल आणि मूळ मोजमापातील त्रुटी निष्कर्षापर्यंत कशी पोहोचते, याचाही हिशेब द्यावा लागतो, अशी मांडणी ते १९९० च्या दशकात सातत्याने करीत राहिले.

२०१६ मध्ये त्यांना आकृतिबंध ओळख या क्षेत्रातील ‘किंग-सुन फू’ पुरस्कार मिळाला. जमिनीच्या नकाशांसाठी घडवलेली त्यांची मापे आज सीटी व एमआरआय चित्रांतील गाठींचा पोत तपासण्यासाठीही वापरली जातात.