बिटकॉइनमधली सही कुठे साठवली जाते? जुनी पद्धत आणि सेगविट

बिटकॉइन वॉलेटमध्ये ‘रिसीव्ह’ दाबा आणि पत्त्याची सुरुवात बघा. १ असेल तर जुनी पद्धत, बीसी१ असेल तर नवी. ३ असेल तर नुसतं बघून सांगता येत नाही. फरक आहे तो डिजिटल सही कुठे ठेवली जाते याचा.

जुनी पद्धत

प्रत्येक ट्रान्झॅक्शनमध्ये इनपुट (पैसे कुठून आले) आणि आउटपुट (कुठे जाणार) असतात. जुन्या पद्धतीत सही इनपुटच्या आतच, स्क्रिप्टसिग या भागात बसते. ट्रान्झॅक्शन आयडी म्हणजे सहीसकट सगळ्या डेटाचा हॅश.

गोची इथेच होती. या सहीत आर आणि एस असे दोन आकडे असतात. एसचं गणिती चिन्ह उलटं केलं तरी गणिताच्या दृष्टीने सही बरोबरच राहते, आणि त्यासाठी प्रायव्हेट की लागत नाही! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चक्रावलो होतो. ब्लॉकमध्ये जाण्याआधी कुणी हे केलं, तर रक्कम तीच, पत्ता तोच, पण आयडी नवा. फक्त आयडी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला वाटतं पैसे गेलेच नाहीत, आणि ते पुन्हा पाठवतं.

नवी पद्धत

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सेगविट लागू झालं. आता सही आउटपुटनंतर, विटनेस या वेगळ्या भागात जाते. आयडी काढताना विटनेस धरतच नाहीत, त्यामुळे सहीत फेरफार करून आयडी बदलता येत नाही. सही फेकून देतात असं काही जण सांगतात, ते चूक आहे. ती ब्लॉकमध्येच असते.

फीचं काय?

ब्लॉकची मर्यादा ४० लाख वेट युनिट. साध्या बाइटला ४ युनिट, विटनेसच्या बाइटला फक्त १. म्हणून १ वाल्या पत्त्याचा इनपुट साधारण १४८ व्हर्च्युअल बाइटचा, तर बीसी१क्यू वाल्याचा ६८ चा. नोव्हेंबर २०२१ मध्ये टॅपरूट आलं. त्यातली श्नॉर सही ६४ बाइटची असते आणि पत्ता बीसी१पी ने सुरू होतो.

तुम्ही काय करायचं?

नवे पैसे बीसी१ पत्त्यावर घ्या, पण पाठवणाऱ्याचं वॉलेट तो पत्ता स्वीकारतं का ते आधी विचारा. जुन्या पत्त्यावरचे पैसे सुरक्षितच आहेत. ते हलवायलाही फी लागते, म्हणून घाई नको. आणि जुन्या पत्त्यावरून पाठवलेल्या ट्रान्झॅक्शनचा आयडी सापडला नाही, तर आधी समोरच्या पत्त्यावर रक्कम आली का ते तपासा. लगेच पुन्हा पाठवू नका.