डोंगर थांबवायचा, तर पाणी काढा

मी पेशानं सॉफ्टवेअरवाला. पण आजची गोष्ट मातीची आणि पाण्याची आहे.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, समुद्राकाठी पोर्तुगीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथला उतार म्हणजे पूर्वी कधीतरी कोसळलेल्या दरडीचाच ढिगारा. त्याच्या पोटात बेंटोनाइटचा थर. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली ही माती ओली झाली की साबणासारखी निसरडी होते. १९५६ मध्ये वरच्या अंगाला क्रेनशॉ बुलेवार्ड हा रस्ता पुढे नेत होते. भरावाची माती नेमकी या जुन्या दरडीच्या माथ्यावर पडली, आणि ऑगस्टमध्ये उतार सरकायला लागला. शंभराहून जास्त घरं गेली. लोक कोर्टात गेले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी कामामुळे नुकसान झालं तर हलगर्जीपणा नसला तरी भरपाई द्यावी लागेल.

पण भरपाईनं डोंगर थोडाच थांबतो?

कार्ल तेरझागी यांनी १९२० च्या दशकातच यामागचं गणित मांडलं होतं. मातीच्या कणांमधलं पाणी वरचा काही भार स्वतः पेलतं. त्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर कमी दाबले जातात, घर्षण घटतं आणि उतार सुटतो. म्हणजे पाणी काढलं, तर डोंगराचं वजनच डोंगराला धरून ठेवतं!

शेजारच्या अबालोनी कोव्हमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस जमीन हलली. पाऊस होताच, शिवाय घरांच्या सेप्टिक टँकचं पाणीही मुरत होतं. १९८० पासून तिथं खोल विहिरी घेऊन पंप लावले, आणि सरकणं बरंच मंदावलं.

मग २०२३ आणि २०२४ चे जोरदार पाऊस आले. २०२४ च्या उन्हाळ्यात काही भाग आठवड्याला साधारण एक फूट सरकत होता. अनेक घरांची वीज आणि गॅस तोडावा लागला. आणखी खोल विहिरी घेतल्यावर वेग उतरला, पण उतार पुरता थांबला नाही. समुद्राकाठचा रस्ता आजही पुनःपुन्हा दुरुस्त करावा लागतो.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे एकदा करून विसरायचं काम नाही. सर्व्हर चालू ठेवतो, तसे पंप चालू ठेवावे लागतात.

पुढच्या पावसाळ्यात घाटातून जाल, तेव्हा संरक्षक भिंतीतल्या भोकांकडे बघा. पाणी गळतंय? गळू दे. भर पावसात ती कोरडी दिसली, तर मात्र काळजी करा.

भेटू पुढच्या भागात!