खतावणीने हलवलेली माणसं

मायामी म्हटलं की आपल्याला फ्लोरिडाचा समुद्रकिनारा आठवतो. आज ज्या मायामींविषयी मी बोलणार आहे, त्यांचा त्या शहराशी काही संबंध नाही. हे लोक अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले, वॉबॅश नदीकाठचे. मुलाकडे गेलो असताना फोर्ट वेन गावात त्यांचे प्रमुख रिचर्डव्हिल यांचं १८२७ सालचं घर पाहिलं. दारापुढे पांढरे खांब, आत ऐसपैस खोल्या. एवढं वैभव असलेल्या माणसाची जमात आपल्या भूमीतून हलवली गेली कशी, हा प्रश्न तिथून मनात घेऊन आलो.

ही माणसं दुबळी नव्हती. १७९१ साली त्यांच्या लिटल टर्टल या सेनानीने इतर जमातींच्या साथीने अमेरिकन फौजेचा असा पराभव केला, की सहाशेहून अधिक सैनिक पडले. तीन वर्षांनी मात्र पारडं फिरलं, आणि १७९५च्या ग्रीनव्हिल तहानंतर जमीन कागदावरून जाऊ लागली.

ती कशी जायची, हे समजून घेण्यासारखं आहे. जमिनीच्या मोबदल्यात सरकार दरसाल ठराविक रक्कम देई. ती वाटायचं काम एजंटाचं. वाटपाच्या दिवशी व्यापारी आपापल्या वह्या घेऊन हजर. कापड, बंदुकीची दारू, प्यायची दारू, सगळं वर्षभर उधारीवर दिलेलं. वहीत जे लिहिलं असेल ते देणं. आपल्याकडच्या सावकारी वह्यांच्या गोष्टी ऐकलेल्याला हे वेगळं सांगायला नको. आणि हा योगायोग नव्हता. अध्यक्ष जेफरसन यांनी १८०३ साली गव्हर्नर हॅरिसन यांना खाजगी पत्रात लिहिलं होतं, की वजनदार इंडियन कर्जात बुडाले तर बरंच, देणं फेडायला ते जमीन सोडतील.

१८४०च्या तहाने उरलेली मोठी जमीन गेली. किंमत ठरली साडेपाच लाख डॉलर, पण तिच्यातला मोठा हिस्सा व्यापाऱ्यांच्या देण्यासाठी बाजूला काढलेला. शिवाय पाच वर्षांत मिसिसिपीपलीकडे निघून जायची अट. सरकारच्या बाजूने तह करणाऱ्या दोघांपैकी ॲलन हॅमिल्टन हे फोर्ट वेनचे व्यापारी, आणि पुढच्याच वर्षी मायामींचे एजंटही तेच! जमीन घेणारा, उधारी देणारा आणि मायामींचं हित पाहणारा, तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे. त्यात कोणाला काही वावगं वाटल्याचं दिसत नाही.

मुदत टळली तरी लोक हलेनात. त्यांना पोचवण्याचं कंत्राट मात्र हातोहात विकलं जात होतं. शेवटी सैन्य आलं, आणि ६ ऑक्टोबर १८४६ रोजी पेरू नावाच्या गावाहून तीनशेहून अधिक माणसं कालव्याच्या नावांमधून निघाली. तो कालवा त्यांनीच तहात सोडलेल्या जमिनीतून खणलेला. जायचं होतं पश्चिमेला, पण नावा आधी पूर्वेकडे ओहायोत गेल्या, मग दक्षिणेला सिनसिनाटीला, आणि तिथून आगबोटींनी मिसूरी नदीपर्यंत. नोव्हेंबरच्या थंडीत ते कॅन्ससमध्ये उतरले.

सगळे मात्र गेले नाहीत. रिचर्डव्हिल १८४१ सालीच वारले होते, पण तहांमधून त्यांच्या कुटुंबाला स्वतंत्र जमिनी आणि राहण्याची मुभा मिळालेली होती. अशी आणखी काही घराणी होती, आणि काहींना काँग्रेसने ठराव करून सूट दिली. जवळजवळ निम्मी जमात इंडियानातच राहिली. कॅन्ससला गेलेल्यांना १८७० नंतरच्या काळात पुन्हा हलवलं, या वेळी आजच्या ओक्लाहोमात. तिथल्या मायामी गावाला नाव त्यांचंच आहे.

मागे राहिलेल्यांची बाब १८९७ साली निकालात निघाली. तुम्ही आता जमात म्हणून अस्तित्वात नाही, असं मत वॉशिंग्टनच्या गृह खात्यातल्या एका कायदे अधिकाऱ्याने दिलं. म्हणून ओक्लाहोमातल्या मायामींना सरकार आज जमात मानतं, आणि वॉबॅशकाठच्या त्यांच्याच चुलत भावंडांना मानत नाही.